पट्ट्यांचं माप

अपंग मुलांच्या खुर्च्यांना पट्टे शिवणारा कारागीर सुईत दोरा ओवत होता. समोरच्या बाकावर दोन आया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पोरगा होता, दुसरीच्या पायाशी घडी घातलेली खुर्ची.

"अखेर शाळेतून फोन आला हो! तीन वर्षं चपला झिजवल्या. जिथे जावं तिथे एकच, आधी बसायला शिकवा, मग आणा."

"आणि हा बसत नाही."

"मानसुद्धा धरत नाही. नळीनेच भरवते. पण ही शाळा अशीच आठ मुलं घेते. एक जागा निघाली म्हणे."

"टेकडीवरची का?"

"तीच. तुम्हाला कशी ठाऊक?"

"आमची तिथेच होती."

"मग काढलीत कशाला? अहो, अशी शाळा दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही."

"आम्ही नाही काढली."

कारागिराची सुई थांबली.

"अगं बाई... मी आपली बडबडत सुटले."

"तुम्हाला कसं कळणार? त्याला खिडकीजवळ बसवायला सांगा, सकाळचं ऊन येतं तिथे."

"सांगेन."

"ही खुर्ची शाळेलाच द्यायचीय. नव्या मुलासाठी पट्टे बदलून घ्यावेत म्हणून आणली. बरं झालं, आता मापही इथेच घेता येईल."