दत्तूदादांच्या टेम्पोची लाट

वहिनी, चाळीतल्या सगळ्या बायांनो, टेम्पो स्टँडवरची मंडळी, आणि बाहेर छत्र्या घेऊन उभे आहात ते सगळे. आत या हो, जरा सरकून घ्या. मला माइकवर बोलायची सवय नाही. भांडायची आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. तरी बोलते. दादांबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी?

आपले दत्तूदादा गेले. साधा ताप म्हणून अंगावर काढला, आणि गेले.

कोरड्या दिवसांत दादा म्हणजे कल्याणच्या मार्केटमधून भाजी आणणारे, उल्हासनगरहून कपाटं-सोफे पोचवणारे एक टेम्पोवाले. पण विठ्ठलवाडीला पाणी भरलं, रिक्षा बंद पडल्या, की दादांचा तो निळा टेम्पो बाहेर निघायचा. आठवतंय ना? दुधाचे क्रेट, गॅसचे सिलेंडर, कोणाची औषधं, कोणाची आई, सगळं एकाच टेम्पोत. म्हातारी माणसं पुढे केबिनमध्ये, बाकीच्यांनी मागे दोरी धरून उभं राहायचं. काय मजा यायची! निम्म्या चाळीची ओळख त्या दोरीला धरूनच झालेली.

आणि चालवायचे किती हळू! का, ते आपल्या गल्लीलाच ठाऊक. आपली घरं रस्त्याला टेकलेली. गाडी जोरात गेली की दोन्ही बाजूंना लाट उठते आणि उंबरा ओलांडून थेट तांदळाच्या डब्यापाशी. बाकीचे ड्रायव्हर जायचे सुसाट, आणि आपण शिव्या घालत बसायचो. दादा मात्र गल्लीच्या तोंडाशी थांबून लांब हॉर्न द्यायचे. हॉर्न ऐकला की आपण उंबऱ्यात फळी लावायची, मागे गोणपाट दाबायचं. मग दादा पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलांनी निघायचे.

मागून ऑफिसवाले ओरडायचे, "अहो काका, चालत गेलो असतो तरी पोचलो असतो!"

दादा खिडकीतून म्हणायचे, "मग उतरा ना. आणि गटाराचं झाकण कुठं उघडंय ते मला पण सांगा."

कोणी उतरायचं नाही.

असे आपले दादा. फक्त एकदा त्यांनी गाडी पळवली. त्या टेम्पोत मी होते.

माझी सई तेव्हा पोटात होती. सकाळपासून कळा येत होत्या, आणि रक्त जायला लागलं. आमचे हे ठाण्याला अडकलेले, नौपाड्याच्या दुकानात. बाहेर गुडघ्याएवढं पाणी. दादांनी टेम्पोत गादी टाकली, वहिनींनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मी किंचाळत होते, "दादा, जोरात चालवा हो!" दादा म्हणाले, "ताई, दम धर. गल्ली संपली की पळवतो." आणि गल्ली संपता संपेना. केबिनच्या मागच्या काचेतून मला त्यांची मान दिसत होती. घामानं निथळत होती. पायानं अ‍ॅक्सिलरेटर काही दाबवत नव्हता त्यांना. दोन्हीकडे घरं आपलीच होती ना!

तेवढ्यात गुलाबआजी दारात आल्या. जोरात जाणाऱ्या गाड्यांवर झाडू फेकणाऱ्या आपल्या गुलाबआजी! त्यांनी विचारलं, "कोण ओरडतंय?" वहिनी म्हणाल्या, "आजी, हिचं काही खरं नाही हो."

आजींनी काय केलं? स्वतःच्या उंबऱ्यातली फळी उपसली आणि टेम्पोच्या पत्र्यावर धाडकन मारली.

"ए दत्त्या, मुडद्या! बघतोस काय? दाब! घर काय, पुसता येतं!"

पुढच्या दारातून आवाज आला, "दाब!" मग त्याच्या पुढच्या. मग अख्खी गल्ली.

दादांनी दाबला. लाट एकेका घरात शिरत होती, ती मला ऐकू येत होती. भांडी खडखडत होती, डबे आपटत होते, आणि त्यावर तुमचे आवाज होते, "दाब, दाब!" मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघी वाचल्या नसत्या. ती बघा सई. कॉलेजात जाते आता. रड बाळा, रड.

मला सोडून दादा परत आले, आणि पाणी ओसरल्यावर बादली-वायपर घेऊन घरोघरी चिखल काढत फिरले. कोणाचा चहा घेतला नाही. खाली मान घालून पुसत राहिले. शेवटी गुलाबआजीच खेकसल्या, "घर माझं, चिखल माझा, तू कशाला रडतोस?" आजी आज असत्या तर हा माइक त्यांनीच घेतला असता.

काल वहिनी मला म्हणाल्या, "एवढं करून मागे काय राहतं गं? माणूस गेला की संपलं." त्याचं उत्तर आता दाखवते.

त्या दिवशी ज्यांच्या घरात लाट शिरली होती, त्यांनी आधी उभं राहायचं. उभे राहा, लाजू नका. काकू, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसूनच हात वर करा.

वहिनी, वर बघा. बघा तरी.

सई, तूही उभी राहा. आता बाकीचे सगळे. आपल्या दादांसाठी दोन मिनिटं कोणी बोलू नका. मीसुद्धा गप्प राहते.