पिसांची रजई फुगवताना

सासरे : तुम्ही हात लावायच्या आधी ती रजई होती.

जावई : आणि आता?

सासरे : आता पोतेरं आहे.

जावई : बाबा, धुतल्यावर आतल्या पिसांचे गोळे होतातच. ड्रायरमध्ये कमी गरम ठेवून फिरवली की सुटतात.

सासरे : दुपारी तुमची सासू घरी येतेय. छातीला टाके आहेत, अंगावर जड काही सोसत नाही. हॉस्पिटलमधून तिने एवढंच सांगितलं, घरी माझी हलकी रजई काढून ठेवा. आणि नेमकी आज जावईबापूंना धुण्याची हुक्की आली.

जावई : घरात टेनिसचे चेंडू आहेत?

सासरे : आता खेळायचंय?

जावई : रजईबरोबर ड्रायरमध्ये टाकायचेत. ते आतून आपटत राहतात, पिसं मोकळी होतात.

सासरे : चेंडू नाहीत.

जावई : मग कापडी बूट चालतील. मोज्यांत घालून. स्वच्छ हवेत पण.

सासरे : माझे बूट तुमच्या या रजईपेक्षा स्वच्छ आहेत.

(ड्रायरमध्ये सासऱ्यांचे बूट धडधडतायत. दोघं समोर स्टुलांवर बसलेत, आत कुणीतरी ओळखीचं कोंडलं गेलं असावं तसे.)

सासरे : झाली का?

जावई : मधूनमधून काढून झटकावी लागते. ती दोन टोकं धरा. खिडकीकडे करा. उजेडात गोळे काळपट दिसतात.

सासरे : इथे एक आहे. चांगला मुठीएवढा.

जावई : चिरडू नका. बोटांनी हळूहळू सोडवा.

सासरे : एवढं कुठे शिकलात?

जावई : आमची पहिली रजई वाया गेली तेव्हा. तुमच्या लेकीने ती तशीच ओली घडी घालून ठेवली होती.

सासरे : माझी लेक असं करणार नाही.

जावई : मी ठेवली होती.

सासरे : असं सांगा.

जावई : बाबा, ही धुवायच्या आधीच मधोमध चपटी झाली होती.

सासरे : जुनी आहे.

जावई : आणि कडेला चहाचा डाग होता.

सासरे : चहा कुणाच्याही हातून सांडतो.

जावई : आईंच्या रजईवर? आई हॉस्पिटलमध्ये असताना?

सासरे : तुम्ही पोलिसात आहात का?

जावई : नाही. डाग दिसला म्हणून धुतली. आल्याआल्या त्या तुम्हाला बोलल्या असत्या.

सासरे : बोललीच असती.

जावई : झालं काय होतं?

सासरे : काही नाही. पलंगाची तिची बाजू मोकळी दिसायची. मग रजई गुंडाळून तिच्या जागी ठेवली. सकाळचा चहाही तिथेच घ्यायला लागलो. रात्री तिच्यावर हात टाकून झोपायचो. आता रोज हात टाकल्यावर चपटी होणारच.

जावई : होणारच.

सासरे : हसू नका.

जावई : हसत नाही. तुमचं टोक वर घ्या. झटका. अजून एकदा. आता पलंगावर सोडून द्या.

सासरे : फुगतेय.

जावई : हात ठेवून बघा. कुठे ओल लागते का?

सासरे : नाही. वजनच नाही हो हिला. मी घाबरलो होतो. म्हटलं, तिने एक वस्तू मागितली, तीही मला धड ठेवता आली नाही.

जावई : खाली गाडी थांबली. आल्या वाटतं.

सासरे : हे बघा. का धुतली असं तिने विचारलं, तर चहा तुमच्या हातून सांडला म्हणा.

जावई : म्हणतो.

सासरे : आणि ते गुंडाळून ठेवल्याचं अजिबात काढायचं नाही. लेकीकडेसुद्धा.

जावई : नाही काढत.

सासरे : थांबा. चहाचं ठरलंय तसंच. पण ते दुसरं सांगा तिला. माझ्याच्याने नाही व्हायचं. मी पाणी आणायला आत गेलो की सांगा.