अर्ध्यावर सोडलेला पिक्चर

पिक्चर बघून माणूस सुधारत नाही म्हणता? मग आमच्या अप्पांचं ऐका.

पंच्याहत्तर साली माझं लग्न ठरलं होतं. अप्पा रोज महादेवाला बेल वाहणारे, पण थोरल्या लेकीनं, आमच्या अक्कानं, आपल्या मनानं लग्न केलं म्हणून तिला बोलावणंच नव्हतं. तशात मी त्यांना पिक्चरला नेलं. त्यात शेठच्या बंगल्यावर मोठी पूजा. सगळ्यांना आमंत्रण, फक्त गरीब जावयाला नाही. लेक तशीच येते, तर बाप चारचौघांत जावयाचा उद्धार करतो. तिथं मध्यंतर झालं.

अप्पा म्हणाले, "ही तर दक्षाच्या यज्ञाची गोष्ट हाय की रे! आता पोरगी आगीत उडी घेणार."

"अप्पा, पिक्चरचा शेवट गोड असतो."

"सतीचं काय झालं, ठाऊक न्हाय व्हय तुला?"

उठले ते मला घेऊन थेट अक्काच्या गावच्या, मोहोळच्या एस्टीत बसले. अक्का दारात बघतच राहिली. अप्पांनी आधी जावयाला हात जोडले. मग तिला म्हणाले, "अर्धा पिक्चर ऱ्हायलाय, बाई. तुमी दोघं आल्याबिगर मला शेवट बघवायचा न्हाय."