कावाझोइ बंद होत आहे

सेगावा : ...तेव्हा इनागाकीसान, तुम्हाला ते बंद करता येणार नाही. एवढंच सांगायला चार तास गाडीत बसून आले. चहा नंतर.

इनागाकी : सेन्सेई, सूचना तर लावून झाली. 'एकतीस मार्चपासून कावाझोइ हे लेखनाचं सॉफ्टवेअर बंद होत आहे. चोवीस वर्षं वापरल्याबद्दल आभार.' लोकांनी वाचलीसुद्धा.

सेगावा : मीही वाचली. दोन ओळी! माझ्या कादंबरीतल्या न्हाव्यालासुद्धा मी दोन ओळींत मारत नाही.

मित्सुए : सेन्सेई, आधी पाय टेबलाखाली घ्या बघू, खाली शेगडी आहे. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि मिठाई कशाला आणलीत एवढी?

सेगावा : अगदी क्षुल्लक आहे. भांडायला यायचं म्हणजे रिकाम्या हातानं कसं यायचं?

इनागाकी : मी हिला म्हणायचो, सेगावा सेन्सेई चांगल्या उंच असणार. पत्रं किती लांब असायची तुमची.

सेगावा : एकोणीस वर्षांत तीनशे बारा.

इनागाकी : मोजलीत?

सेगावा : मी कशाला मोजू? कावाझोइतच ठेवली आहेत. तेच मोजतं.

इनागाकी : तुमचं पत्र आलं की आधी ऋतू कळायचा, मग दोष. 'आमच्या अंगणात प्लमला पहिली कळी आली. थंडी ओसरते आहे, प्रकृतीला जपावे. काल आपल्या सॉफ्टवेअरने माझे बारावे प्रकरण गिळले.'

सेगावा : पत्राची रीत असते. प्रकरण गिळलं म्हणून काय ऋतू सोडायचा?

मित्सुए : ते बारावं प्रकरण परत मिळेपर्यंत तीन दिवस आमच्या जेवणात दुसरा विषय नव्हता. त्यात सासू मरते, हे मला पुस्तक यायच्या दोन वर्षं आधीच ठाऊक होतं.

सेगावा : छापताना मी तिला जगवली.

मित्सुए : तेही वाचलं. वाईट वाटलं.

इनागाकी : मित्सुए!

सेगावा : बोलू द्या त्यांना. घरात एक तरी नीट वाचणारं माणूस दिसतंय. हे बघा इनागाकीसान, तुमची सूचना लागल्यावर मी मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर लावून पाहिली. आपली भाषा वरून खाली लिहायची, तर ही सगळी आडवं लिहायला लावतात आणि छापायच्या वेळी मजकूर उभा करून देतात. म्हणजे माणसानं जन्मभर कुशीवर झोपून राहायचं आणि फोटोपुरतं उठायचं. कावाझोइत पहिल्या अक्षरापासून उभं. प्रकरणांचे, प्रसंगांचे मथळे उजवीकडून एकेक ओळीनं. मिटवले तर सात खंडांच्या सात ओळी, उघडले तर अकराशे. सासूचा मथळा मिटवला की सुनेचं निवांत लिहायला घेता येतं. घरात अशी सोय असती तर मी कादंबऱ्या लिहिल्याच नसत्या.

इनागाकी : आणि मिटवलेल्या मथळ्यातले कागदही मोजले जातात.

सेगावा : चारशे चौकोनांच्या कागदानं, एका चौकोनात एक अक्षर.

इनागाकी : संवादाची ओळ तीन अक्षरांत संपली तरी ती पूर्ण ओळ धरून! कागदावर तेवढी जागा जाते ना? मग ती मोजायला नको? ही बाकीची मंडळी एकूण अक्षरं घेतात, चारशेनं भागतात आणि म्हणे झाले कागद. भागाकार! लेखकाचा भागाकार!

मित्सुए : अहो, रक्तदाब.

सेगावा : आता मला सांगा, ज्या माणसाला भागाकाराचा एवढा राग येतो, तो हे सगळं बंद का करतो?

इनागाकी : नव्या कॉम्प्युटरांवर ते चालत नाही. पायापासून पुन्हा बांधावं लागेल. मी सत्तरीचा झालो, सेन्सेई.

सेगावा : मी अठ्ठ्याहत्तरची आहे आणि सातव्या खंडाचे तीनशे कागद बाकी आहेत. माझा कॉम्प्युटर रोज सकाळी मरतो आणि नऊच्या सुमारास परत येतो. एक दिवस येणार नाही. त्या दिवशी हे अकराशे मथळे घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?

मित्सुए : खरं कारण सांगा ना त्यांना.

इनागाकी : ते खासगी आहे.

मित्सुए : मग मी सांगते. सेन्सेई, हे इथल्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात होते. अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी सांगितलं, गावाचा इतिहास लिहा. हे म्हणाले, लिहितो, पण आधी लिहायला नीट साधन हवं. म्हणून कावाझोइ केलं. साधन नीट करता करता चोवीस वर्षं गेली. मधल्या काळात नगरपालिका शेजारच्या शहरात विलीन झाली. ज्या गावानं इतिहास लिहायला सांगितला ते गावच कागदोपत्री उरलं नाही.

इनागाकी : गाव आहे. नकाशात नाही, एवढंच. नदी तिथंच आहे. आणि तिच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. ...मला ते लिहायचंय, सेन्सेई. इतक्या लोकांना लिहायची सोय करून दिली आणि स्वतः एक पान लिहिलं नाही. उरलेली वर्षं मी दुसऱ्यांच्या लिहिण्यात घालवायची का?

सेगावा : हे सूचनेत घातलं असतं तर मी आलेच नसते. लिहायचंय म्हणणाऱ्या माणसाला मी अडवत नाही. अडवण्यासारखे बरेच असतात, तरी नाही अडवत. किती झालं लिहून?

मित्सुए : त्याचीही गोष्टच आहे. जावयानं नवा कॉम्प्युटर दिला. त्यावर कावाझोइ चालेना. मग त्यानं एक परदेशी सॉफ्टवेअर घालून दिलं, असंच मथळ्यांचं. हे मोठ्या ऐटीत बसले. टाइप केलेल्या उच्चारातून प्रत्येक शब्दाची चित्राक्षरं पक्की करायला एंटर दाबला, की त्याला वाटायचं, ह्यांना नवा मथळा हवाय. एक वाक्य लिहिलं आणि पाच मथळे झाले.

सेगावा : वाक्य कुठलं?

इनागाकी : 'आमचं गाव नदीनं दोनदा हलवलं.' 'नदीनं' हा एक मथळा. 'दोनदा' हा स्वतंत्र मथळा. त्याच्या शेजारी उघडायची खूणसुद्धा. उघडलं तर आत काही नाही.

सेगावा : इतिहास म्हणून काही वाईट नाही.

इनागाकी : ते सॉफ्टवेअर करणाऱ्याची चूक नाही. त्याच्या भाषेत अक्षरं पक्की करावी लागत नाहीत, त्याला काय कल्पना असणार? पण मी हे चोवीस वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी सोडवलं होतं. दुपारच्या जेवणाआधी.

सेगावा : मग आता लिहिता कशावर?

इनागाकी : कागदावर. चौकोनांच्या. पेन्सिलीनं.

सेगावा : आणा इकडे.

इनागाकी : कच्चं आहे अजून.

सेगावा : तुम्ही बारावं प्रकरण वाचलंत तेव्हा तेही कच्चंच होतं. आणा.

(कागद उलटल्याचा आवाज.)

सेगावा : बावीस कागद.

इनागाकी : साडेबावीस.

सेगावा : पहिले नऊ काढून टाका.

इनागाकी : नऊ! अहो, त्यात नगरपालिकेची स्थापना आहे!

सेगावा : म्हणूनच. दहाव्या कागदावर पूर येतो आणि तुमची आजी भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन छपरावर चढते, नदीला नावानिशी शिव्या देते. तुमचं गाव तिथं सुरू होतं. सतराव्यावरचे नावाडी लगेच तिच्यामागे आणा. पूल नंतर. आणि आजीला खाली उतरवा. तुम्ही पुलाच्या खर्चात शिरलात आणि ती बिचारी अजून छपरावरच बसलीय.

मित्सुए : मी हेच म्हणाले होते. तेव्हा मला ऐकवलं, हा इतिहास आहे, तुला कळायचं नाही.

इनागाकी : सेन्सेई, नावाडी वर आणायचे म्हणजे काय करावं लागेल, कल्पना आहे? पूर, पूल, नावाडी, सगळं पुन्हा लिहायचं. एक परिच्छेद हलला की खालचे सगळे चौकोन सरकतात. तेरा कागद, हातानं! असं कुणी करतं का आता? मथळा धरायचा, वर न्यायचा, सोडायचा. पोटातलं सगळं आपोआप मागोमाग जातं, कागद पुन्हा मोजले जातात, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. एवढ्याशा कामाला—

सेगावा : कशात?

इनागाकी : कावाझोइत.

सेगावा : मी काही म्हटलं नाही हं. मी आपली वाचक.

मित्सुए : अहो, मिठाई घ्या. सेन्सेईंनी एवढ्या लांबून आणलीय.

इनागाकी : ...सेन्सेई, एक विचारू? दहाव्या कागदापासून... बरं आहे का ते?

सेगावा : माझ्या तिसऱ्या खंडात पूर आहे. त्याला बक्षीसही मिळालं, टोकियोला बोलावून दिलं. आता वाटतं, त्या पुरात माणसं नीट बुडाली, पण चिडलं कुणीच नाही. तुमची आजी मला तेव्हा भेटायला हवी होती.

मित्सुए : अहो, थँक्यू तरी म्हणा.

इनागाकी : नव्या कावाझोइत छपाईचं काम आत्ता नको. जुनी पत्रं ठेवायचा कप्पा नको. आधी उभं लिहिणं, मग मथळे, मग कागदांची मोजणी. सकाळी आजी, दुपारी हे. सप्टेंबरपर्यंत उभं राहील.

सेगावा : मोजणी सगळ्यात आधी.

इनागाकी : मोजणी तिसरी. उभं लिहिल्याशिवाय मोजणार काय?

सेगावा : ह्यावर मी सविस्तर पत्र लिहीन.

इनागाकी : लिहा. बर्फापासून सुरुवात करा.

मित्सुए : मग ती सूचना बदलू ना? लोक तिथं रडताहेत. शिकोकू बेटावरच्या एका भिक्षूंनी तर कावाझोइला श्रद्धांजली वाहिलीय, त्यातही मथळे आणि पोटमथळे आहेत.

इनागाकी : बदल. लिही, 'कावाझोइ बंद करण्याची सूचना मागे घेत आहे. एका लेखकाचं पुस्तक पुरं व्हायचं आहे, त्यासाठी पुढच्या आवृत्तीचं काम सुरू केलं आहे.'

मित्सुए : '...काम सुरू केलं आहे.' लोक विचारतील, कुठल्या लेखकाचं. सेन्सेईंचं नाव घालू का?

सेगावा : घाला की. 'सातवा खंड' असंही घाला.

इनागाकी : त्यांचं नको. माझं घाल.