पोट्टीचा गॅस आणि यांचा रिले

घाबरट मीच, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी हे ऐकाच. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमचे हे सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचे रिले तपासायचे. एका दुपारी आमची तान्ही पोट्टी पाय पोटाशी घेऊन रडायला लागली, थांबेचना. मी कारखान्यात फोन लावला.

"दूध पिऊन राहिली ना?"

"हो."

"मग गॅस असन. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात हळूहळू गॅस जमला, तर रिले नुसती घंटी वाजवते. तेल एकदम जोरात उसळलं, तरच लाइन तोडते. तू तर घंटी वाजली का लाइनच तोडते."

मला पटलं. फोन कानाशी धरूनच मी पोट्टीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, तशी ती भडकन माझ्या साडीवर ओकली.

"अहो, दूध उसळलं," एवढंच मी म्हटलं.

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. इकडे पोट्टी ढेकर देऊन शांत झोपली.

थोड्या वेळानं दारात हे उभे, डोक्यावर अजून कारखान्याचं हेल्मेट. स्कूटरवरून डॉक्टरांनाच उचलून आणलेलं.

डॉक्टरांनी झोपलेल्या पोट्टीकडे बघून विचारलं, "मरीज कौन है?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं.