झाकणाची मूठ

"तिला सांगू नकोस रे. माहेरचा डबा आहे, रडेल बिचारी!"

सासूबाई कुजबुजत होत्या, आणि मी दाराबाहेर चपला काढत होते. माझ्या पितळी डब्याच्या झाकणाची मूठ त्यांच्या हातून तुटली होती. खराडीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या नवऱ्याने व्हिडिओ बघून ती ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूचा टाका घालून, जोडली होती. आता मी कंपनीत दिवसभर निकेलच्या मिश्रधातूंचे असेच सांधे कापते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतल्या पोकळ्या शोधते, हे दोघेही विसरले होते.

मला बघताच त्याने झाकण डब्यावर दाबून बसवलं.

"डब्यातला लाडू घे गं," सासूबाई म्हणाल्या. मी वरून गुळगुळीत झाकण निरखलं.

"आई, रडत नाही मी. पण मूठ आतल्या बाजूला बसलीय. आता लाडू काढायचे कसे?"