पुतळ्याच्या हातातली बंदूक

सांगली स्टँडवर पलूसच्या गाडीसाठी थांबलो होतो. माझ्यापुढं एक म्हातारे आणि त्यांची पुतणी. दोघं नुकतीच मूर्तिकाराकडून पुतळा बघून आलेली.

"आप्पा, पणजोबांच्या हातात बंदूक कुणी द्यायला लावली?"

"कमिटीनं. आपल्या गावात पुतळा म्हंजी फौजीचाच असतोय, माया."

"पर ते फौजेत कवा होते? इंग्रजांच्या काळात कोकणात दीपगृहाचा दिवा राखत होते."

"मला ठावं हाय गं. पर गावानं समुद्र कुठं बघितलाय? नुसता दिवा राखणारा माणूस शूर कसा वाटंल?"

"वादळात दिवा फिरवायचं यंत्र मोडलं, तवा तापलेला दिवा ते पहाटेपर्यंत हातानं फिरवत राहिले. गलबतं वाचली, पर तळवे असे भाजले की मूठ परत कवाच मिटली न्हाई. तुमीच सांगितलंय मला."

"व्हय, मीच सांगितलंय."

"मग त्यांनी बंदूक धरली कशी?"

म्हाताऱ्यांनी स्वतःची मूठ मिटून बघितली.

"गाडी लागली, आप्पा."

"जाऊ दे ती. चल माघारी, मूर्तिकाराकडं."

"आन् रविवारचं उद्घाटन?"

"थांबंल. पर बंदूक काढली तर हात उघडंच राहत्याल."

"राहू देत. तळव्यावरचे डाग तेवढे नीट कोरायला सांगा."